सारख्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांचा अर्थ कसा लावावा

पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरच्या मागच्या बाजूला ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे ठळक लिहिलेले असते आणि पुष्कळदा त्याच्याच खाली ‘अत्यंत ज्वालाग्राही’ अशी मराठी ओळ असते. ‘आय-एन’ या अक्षरांनी सुरू होणारा शब्द नकारार्थी असतो, एवढेच ज्याला शाळेत सांगितले गेले आहे, तो विद्यार्थी ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे अदृश्य आणि ‘इन्करेक्ट’ म्हणजे चुकीचे या चालीवर ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असा अर्थ लावेल, आणि तसे करताना त्याचा तर्क कुठेही चुकलेला नसेल. त्याच्या हाती दिलेला नियमच अर्धा आहे. स्पर्धा परीक्षांसाठी विकल्या जाणाऱ्या शब्दयाद्यांमध्ये असे अर्धे नियम भरपूर सापडतात आणि ते घोकण्यात मुलांचे कष्ट वाया जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पूर्ण नियम समजून घेणे हे पाठांतरापेक्षा सोपे आहे, आणि मराठी वाचकाला तर त्यातला बराचसा भाग आपल्या व्याकरणामुळे आधीच ठाऊक असतो.

शब्दाच्या आरंभीची अक्षरे अर्थाचा अंदाज देतात, निकाल देत नाहीत. निकाल उरलेला शब्द आणि ज्या वाक्यात तो आला ते वाक्य मिळून देतात. पुढची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी शब्द कापून पाहावा

अनोळखी इंग्रजी शब्द समोर आला की त्याचा आरंभीचा भाग वेगळा करावा आणि मागे काय उरते ते पाहावे. उरलेला भाग स्वतंत्र शब्द असेल, किंवा दुसऱ्या ओळखीच्या शब्दांत भेटत असेल, तर आपण बहुधा योग्य जागी कापले आहे. ‘एक्स्पोर्ट’ मधून ‘एक्स’ काढले की ‘पोर्ट’ उरते; तेच ‘पोर्ट’ ‘इम्पोर्ट’, ‘ट्रान्सपोर्ट’ आणि ‘रिपोर्ट’ या शब्दांत आहे, आणि त्याचा मूळ लॅटिन अर्थ वाहून नेणे असा आहे. बाहेर नेणे ती निर्यात, आत आणणे ती आयात, पलीकडे नेणे ती वाहतूक, परत आणून सांगणे तो अहवाल. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार आणि परिहार या शब्दांत ‘हार’ तोच राहतो आणि उपसर्ग बदलला की अर्थ पार बदलतो, हे आपण शाळेत उपसर्गघटित शब्द शिकताना पाहिलेले असते. इंग्रजीतही तीच व्यवस्था आहे. फक्त ती आपल्याला त्या दृष्टीने कोणी दाखवत नाही.

आता ‘अंकल’ हा शब्द घ्यावा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो ‘यू-एन’ने सुरू होतो. ती दोन अक्षरे काढली तर उरलेली ‘सी-एल-ई’ कुठेच भेटत नाहीत, म्हणजे हा शब्द इथे कापायचा नाही. ‘युनियन’, ‘युनिफॉर्म’, ‘युनिक’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ हेही ‘यू-एन’नेच सुरू होतात, पण त्यांतला कापायचा तुकडा ‘यू-एन-आय’ असा तीन अक्षरांचा आहे आणि त्याचा अर्थ ‘एक’ असा आहे. ‘अंडर’ आणि ‘अन्टिल’ यांचा नकाराशी काहीही संबंध नाही. म्हणून ‘यू-एन म्हणजे नाही’ हे वाक्य वहीत लिहिण्याऐवजी ‘यू-एन कापल्यावर पूर्ण शब्द उरत असेल तर बहुधा नाही’ असे लिहावे. ‘अनहॅपी’, ‘अनफेअर’, ‘अननोन’ यांना ही कसोटी लागू पडते.

तरीही एक बारीक भेद राहतो. ‘अनहॅपी’ मधला ‘अन’ नकार सांगतो, पण ‘अनटाय’ म्हणजे न बांधणे नव्हे. त्याचा अर्थ बांधलेले सोडणे असा आहे. 2020 च्या जून महिन्यात टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठू लागली तेव्हा ‘अनलॉक’ हा शब्द खेडोपाडी पोहोचला, आणि लावलेले कुलूप काढणे हा त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. नियम असा की विशेषणाच्या आधी आलेला ‘अन’ नकार दाखवतो आणि क्रियापदाच्या आधी आलेला ‘अन’ झालेली क्रिया उलटवतो. इंग्रजीच्या इतिहासात हे दोन्ही मुळात वेगवेगळे उपसर्ग होते. काळाच्या ओघात त्यांचे रूप एक झाले.

‘आय-एन’ : नकार की आत?

टँकरवरच्या शब्दाकडे परत येऊ. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, जो ‘इन्व्हिजिबल’, ‘इन्कम्प्लीट’, ‘इन्जस्टिस’ या शब्दांत दिसतो. दुसरा ‘आत’ किंवा ‘कडे’ या अर्थाचा, जो ‘इन्क्लूड’, ‘इन्हेल’, ‘इन्व्हेस्ट’ आणि ‘इन्फ्लेम’ या शब्दांत आहे. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणे, आणि जे पेटवले जाऊ शकते ते ‘इन्फ्लेमेबल’. त्यामुळे ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे. नकाराचा समज होऊन अपघात होऊ नये म्हणून विसाव्या शतकात सुरक्षिततेच्या सूचनांमध्ये ‘फ्लेमेबल’ हा आखूड शब्द मुद्दाम रूढ करण्यात आला. आपल्याकडच्या टँकरांवर मात्र जुना शब्द टिकून आहे. खरोखर न पेटणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ असे लिहितात.

हे दोन ‘इन’ ओळखण्याची एक सोपी खूण अशी की मागे उरलेला शब्द गुण सांगणारा असेल तर नकाराकडे झुकावे, आणि तो क्रिया सांगणारा असेल तर ‘आत’ या अर्थाकडे झुकावे. ‘इन्फ्लेमेबल’ इथे फसवतो, कारण वरवर पाहता तो गुणवाचक आहे. पण तो ‘इन्फ्लेम’ या क्रियापदापासून तयार झालेला आहे. म्हणून शेपटीचा ‘एबल’ आधी काढावा आणि मग आरंभाकडे पाहावे. हा क्रम पाळला की अशा बहुतेक शब्दांचा उलगडा होतो.

‘इन्व्हॅल्युएबल’ हा शब्द पाहून मुले हमखास ‘किंमत नसलेले’ असे लिहितात. इथे नकार खराच आहे, पण तो कशाला लागला आहे हे पाहिले पाहिजे. ज्याची किंमत करता येत नाही ते ‘इन्व्हॅल्युएबल’, आणि मराठीत अगदी याच बांधणीचा ‘अमूल्य’ हा शब्द आपण रोज वापरतो. आईचे दागिने अमूल्य आहेत असे म्हणताना ते कवडीमोल आहेत असे कोणीही समजत नाही. ‘इन्फेमस’ मध्येही प्रसिद्धीचा अभाव नसतो, त्याचा अर्थ कुप्रसिद्ध असा आहे.

अक्षरे बदललेली दिसली तर संधी आठवावी

‘इम्पॉसिबल’, ‘इलीगल’ आणि ‘इरेग्युलर’ हे शब्द ‘आय-एन’ने सुरू होत नाहीत, तरीही त्यांतला नकार तोच आहे. पुढच्या व्यंजनाच्या ओढीने ‘एन’ बदलला आहे. ‘पी’, ‘बी’ आणि ‘एम’ या ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या वर्णांपूर्वी तो ‘एम’ होतो, ‘एल’पूर्वी ‘एल’ होतो आणि ‘आर’पूर्वी ‘आर’. उत् आणि लेख यांचा उल्लेख, तत् आणि लीन यांचे तल्लीन, सत् आणि जन यांचे सज्जन कसे होते हे ज्याने व्यंजनसंधीच्या धड्यात पाहिले आहे, त्याला इथे नवे काहीही शिकायचे नाही.

याहून सुंदर उदाहरण ‘कॉन’ या उपसर्गाचे आहे. त्याचा अर्थ ‘एकत्र’ किंवा ‘सोबत’ असा, म्हणजे आपल्या ‘सम्’च्या जवळचा. ‘संपूर्ण’, ‘संतोष’ आणि ‘संकट’ हे तीन शब्द सावकाश मोठ्याने म्हणून पाहावेत. अनुस्वार एकच लिहिला जातो, पण ‘संपूर्ण’ म्हणताना ओठ मिटतात, ‘संतोष’ म्हणताना जीभ दातांना टेकते आणि ‘संकट’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. इंग्रजीत अनुस्वार नसल्यामुळे हा बदल अक्षरांत लिहून दाखवावा लागतो: ‘कम्पेअर’ मध्ये ‘एम’, ‘कॉन्टॅक्ट’ मध्ये ‘एन’, ‘कलेक्ट’ मध्ये दोन ‘एल’, ‘करेक्ट’ मध्ये दोन ‘आर’. स्वरापूर्वी तर शेवटचे व्यंजन गळूनच जाते आणि ‘कोऑपरेट’ सारखा शब्द मिळतो. सहकार या आपल्या शब्दातही सोबत आणि काम हे दोनच घटक आहेत.

‘ए-डी’ हा ‘कडे’ या अर्थाचा उपसर्ग सर्वांत जास्त वेश बदलतो. ‘अ‍ॅडमिट’ मध्ये तो उघड दिसतो. ‘अ‍ॅक्सेप्ट’, ‘अफेक्ट’, ‘अलॉट’, ‘अपॉइंट’, ‘असिस्ट’ आणि ‘अट्रॅक्ट’ या शब्दांत मात्र त्याचा ‘डी’ पुढच्या व्यंजनासारखा झाला आहे. म्हणूनच या सगळ्या शब्दांत दुसरे अक्षर जोडीने येते.

इथे अर्थाबरोबर स्पेलिंगचाही प्रश्न सुटतो, आणि हा लाभ मला अर्थाइतकाच मोठा वाटतो. ‘अकोमोडेट’ या शब्दात दोन ‘सी’ आणि दोन ‘एम’ का, असे विचारले तर बहुतेक जण ‘पाठ करा’ असे सांगतात. उत्तर असे की त्यात दोन उपसर्ग एकापुढे एक लागले आहेत: आधी ‘ए-डी’, ज्याचा ‘ए-सी’ झाला, आणि मग ‘सी-ओ-एम’, ज्याच्या पुढे ‘एम’ने सुरू होणारा मूळ भाग आहे. ‘रेकमेंड’ मध्ये ‘आर-ई’ नंतर ‘कमेंड’ येते, म्हणून एकच ‘सी’ आणि दोन ‘एम’. ‘डिसअपॉइंट’ मध्ये ‘डिस’चा ‘एस’ एकटाच आहे, कारण पुढे ‘अपॉइंट’ आहे. ‘डिससॅटिस्फाइड’ मध्ये मात्र ‘डिस’चा एक आणि ‘सॅटिस्फाइड’चा एक असे दोन ‘एस’ येतात. ‘मिसस्पेल’ मध्येही तेच. ‘अननेसेसरी’ मध्ये आरंभी दोन ‘एन’ आहेत, ते ‘अन’ आणि ‘नेसेसरी’ यांचे एकेक. विमानतळावर ‘इमिग्रेशन’चा फलक दिसतो त्यात दोन ‘एम’ असतात, कारण ‘आत’ या अर्थाचा ‘इन’ आणि ‘मायग्रेशन’ एकत्र आले आहेत. देश सोडून जाण्यासाठी जो ‘एमिग्रेशन’ हा शब्द आहे त्यात ‘बाहेर’ या अर्थाचा नुसता ‘ई’ आहे, म्हणून ‘एम’ एकच.

कुठे कापावे याचा पेच

सहा अक्षरे सारखी असूनही कापण्याची जागा वेगळी असू शकते. ‘कॉन्ट्रॅडिक्ट’ आणि ‘कॉन्ट्रॅक्ट’ हे दोन्ही शब्द ‘सी-ओ-एन-टी-आर-ए’ या अक्षरांनी सुरू होतात. पहिल्यात ‘कॉन्ट्रा’ म्हणजे विरुद्ध आणि ‘डिक्ट’ म्हणजे बोलणे, म्हणून अर्थ खोडून काढणे किंवा विरुद्ध बोलणे. दुसऱ्यात ‘कॉन’ म्हणजे एकत्र आणि ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे, म्हणून दोन पक्ष जवळ येऊन केलेला करार, आणि म्हणूनच आकुंचन पावणे हाही त्याच शब्दाचा अर्थ. ‘ट्रॅक्ट’ हा तुकडा शेतातल्या ‘ट्रॅक्टर’ मुळे आपल्या ओळखीचाच आहे. ‘कॉन्ट्रासेप्टिव्ह’ आणि ‘कॉन्ट्रास्ट’ पहिल्याच्या बाजूचे, ‘कॉन्ट्रिब्यूट’ दुसऱ्याच्या बाजूचा. अशा वेळी दोन्ही ठिकाणी कापून पाहावे आणि ज्या कापणीत मागचा तुकडा इतर शब्दांत सापडतो ती धरावी. ‘कॉलर’, ‘कॉमेट’ आणि केस विंचरण्याची ‘कोम’ यांना तर ‘सी-ओ’ वरून कापूच नये.

‘पी-आर-ई’ म्हणजे आधी, हे ‘प्रीपेड’, ‘प्रिव्ह्यू’, ‘प्रेडिक्ट’ यांत ठीक. पण ‘प्रेस’ म्हणजे दाबणे, ‘प्रेशस’ म्हणजे मौल्यवान आणि ‘प्रिटी’ म्हणजे सुंदर यांत ‘आधी’चा मागमूस नाही. ‘आर-ई’ म्हणजे पुन्हा किंवा परत. पण ‘रेड’, ‘रिअल’ आणि ‘रीच’ त्यात बसत नाहीत. याच ‘आर-ई’ च्या बाबतीत जोडरेघेकडे लक्ष ठेवावे. खेळाडूने क्लबमधून ‘रिझाइन’ केले तर तो गेला, आणि जोडरेघ देऊन लिहिलेले ‘री-साइन’ केले तर त्याने पुन्हा करारावर सही केली. बातमी नेमकी उलटी होते.

सारखे दिसणारे, पण उलट अर्थाचे

काही जोड्यांमध्ये सुरुवातीची अक्षरे इतकी सारखी असतात की घाईत डोळा फसतो, आणि अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध असतो. या जोड्यांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथली चूक परीक्षेच्या एका गुणापुरती राहत नाही.

‘हायपर’ आणि ‘हायपो’ ही त्यातली सर्वांत गंभीर जोडी आहे. ‘एच-वाय-पी’ ही तीन अक्षरे समान, पण ‘हायपर’ म्हणजे वर किंवा अधिक, आणि ‘हायपो’ म्हणजे खाली किंवा कमी. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे वाढलेला रक्तदाब, ‘हायपोटेन्शन’ म्हणजे घटलेला. मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात ‘हायपोग्लायसेमिया’ आणि ‘हायपरग्लायसेमिया’ हे दोन्ही शब्द सर्वांना कळलेच पाहिजेत: पहिल्यात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असते आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तातडीने साखर द्यावी लागते, दुसऱ्यात ती वाढलेली असते आणि तिथे तीच साखर अपाय करते. थायरॉइडच्या अहवालावर ‘हायपो’ असेल तर ग्रंथीचे काम कमी पडत आहे, ‘हायपर’ असेल तर ते प्रमाणाबाहेर वाढले आहे. लक्षात ठेवण्यासाठी आपल्याजवळ फार चांगले साधन आहे. ग्रीकमधला ‘हायपो’ आणि संस्कृतातला ‘उप’ हे एकाच मुळाचे आहेत, आणि ‘हायपर’ व ‘उपरि’ हेही एकाच मुळाचे. उपकलम हे कलमाच्या खाली असते; उपरिनिर्दिष्ट मजकूर वर दिलेला असतो. शासकीय पत्रे वाचणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला ही जोडी आयुष्यभर पुरेल.

असे साम्य योगायोगाने आलेले नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान मुळातून निघाल्या असाव्यात, हा विचार विल्यम जोन्स यांनी 2 फेब्रुवारी 1786 रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर मांडला, आणि पुढच्या शतकात तो पद्धतशीर अभ्यासाने पक्का झाला. इंग्रजीतला ‘अन’, लॅटिनचा नकारार्थी ‘इन’, ‘अनिमिया’ सारख्या शब्दातला ग्रीक ‘अन’ आणि अनादी, अनंत, अनुचित यांतला आपला ‘अन्’ ही सगळी एकाच नकाराची रूपे आहेत. ‘प्रो’ आणि ‘प्र’ एकच: ‘प्रोग्रेस’ म्हणजे प्रगती, आणि दोन्हींत पुढे पाऊल टाकणे आहे. ‘पेरि’ आणि ‘परि’ एकच: भूमितीतला ‘पेरिमीटर’ आणि परिमिती शेजारी ठेवून पाहावेत, पुढचा भाग तर जुळतोच, पण ‘मीटर’ आणि ‘मिती’ यांतले मोजणेही एकाच धातूचे आहे. ‘डिस्’ हा उच्चार असलेला, पण ‘डी-वाय-एस’ असा लिहिलेला ‘डिसेंट्री’ मधला उपसर्ग आपल्या ‘दुस्’चा भाऊबंद आहे, ‘डिसॅग्री’ मधला ‘डी-आय-एस’ वेगळा, त्यांची गल्लत करू नये. मात्र एक सावधगिरी बाळगावी: दिसायला जुळणारा प्रत्येक मराठी आणि इंग्रजी तुकडा नात्यातला असेलच असे नाही, म्हणून कोशात खात्री झाल्याशिवाय असे नाते वहीत नोंदवू नये.

‘इंटर’ आणि ‘इंट्रा’ या जोडीशी व्यापाऱ्याची रोज गाठ पडते. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत ‘इंटर-स्टेट’ आणि ‘इंट्रा-स्टेट’ असे पुरवठ्याचे दोन प्रकार आहेत. पुण्याच्या व्यापाऱ्याने नाशिकच्या व्यापाऱ्याला माल विकून पाठवला तर तो राज्यांतर्गत व्यवहार, म्हणजे ‘इंट्रा’, आणि त्यावर केंद्राचा व राज्याचा असे दोन कर वेगवेगळे दाखवले जातात; तोच माल सुरतच्या व्यापाऱ्याला विकला तर तो आंतरराज्य व्यवहार, म्हणजे ‘इंटर’, आणि त्यावर एकात्मिक कर लागतो. मराठीतही नेमका हाच भेद आहे: ‘आंतर’ म्हणजे दोहोंच्या दरम्यान, ‘अंतर्गत’ म्हणजे एकाच्या आत. आंतरराष्ट्रीय ऐवजी ‘अंतरराष्ट्रीय’ लिहिणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. नाटक-सिनेमातला ‘इंटरव्हल’ देखील याच ‘इंटर’चा आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दोन तटबंद्यांमधली मोकळी जागा असा होता. ‘इंटरप्ट’ या शब्दात ‘इंटर’ आणि ‘रप्ट’ जोडले गेल्यामुळे दोन ‘आर’ येतात, हेही जाता जाता टिपून ठेवावे.

‘अँटे’ आणि ‘अँटी’ या जोडीत केवळ शेवटचे अक्षर वेगळे आहे. ‘ए-एन-टी-ई’ म्हणजे आधी. आशा सेविकेच्या नोंदवहीतली ‘अँटेनेटल’ तपासणी ही प्रसूतिपूर्व तपासणी असते, आणि घड्याळातील सकाळच्या वेळेपुढे लिहिले जाणारे ‘ए. एम.’ हे ‘अँटे मेरिडिएम’चे, म्हणजे मध्याह्नापूर्वीचे, संक्षिप्त रूप आहे. ‘ए-एन-टी-आय’ म्हणजे विरुद्ध: ‘अँटिबायोटिक’, ‘अँटिबॉडी’, ‘अँटी-करप्शन’. इथवर सरळ आहे. पण वर्तमानपत्रात ज्याची सतत बातमी येते तो ‘अँटिसिपेटरी बेल’ घ्यावा. अक्षरे ‘विरुद्ध’ वाली आहेत, तरी अर्थ विरोधाचा नाही. ‘अँटिसिपेट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘आधी’ आणि ‘पकडणे’ या दोन भागांपासून झाला असून लॅटिनमध्येच त्यातला ‘ई’ बदलून ‘आय’ झाला होता. आधीच हेरणे, पुढचे ओळखून पाऊल उचलणे, हा त्याचा अर्थ. आपल्या न्यायालयीन भाषेने त्यासाठी ‘अटकपूर्व जामीन’ ही संज्ञा योजली, आणि त्या ‘पूर्व’ मध्ये मूळ अर्थ अचूक पकडला गेला आहे. असा मराठी पर्याय हाताशी असेल तेव्हा त्यावरूनच मागे जाऊन इंग्रजी शब्दाची फोड तपासावी.

‘बायॅन्युअल’ आणि ‘बायेनियल’ यांत ‘बाय’ म्हणजे दोनच, पण पहिला वर्षातून दोनदा आणि दुसरा दोन वर्षांतून एकदा. ‘बायवीकली’ तर दोन्ही अर्थांनी वापरला जातो, म्हणून स्वतः लिहिताना तो टाळावा हे उत्तम. ‘बायॉलॉजी’ मधला ‘बायो’ जीवनाचा आहे, दोनचा नाही.

उपसर्ग नसतानाही अर्थ जुळतो तेव्हा

‘ग्लो’, ‘ग्लिटर’, ‘ग्लीम’ आणि ‘ग्लेअर’ हे सगळे प्रकाशाशी संबंधित शब्द ‘जी-एल’ने सुरू होतात, ‘स्नोअर’, ‘स्नीझ’, ‘स्निफ’ आणि ‘स्नाउट’ हे ‘एस-एन’ने सुरू होणारे शब्द नाकाशी निगडित आहेत. इथे कापण्यासारखे काही नाही, कारण मागे उरणाऱ्या भागाला स्वतंत्र अर्थ नसतो. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात काही वर्षे इंग्रजी शिकवलेल्या जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञांनी 1930 मध्ये अशा ध्वनिसमूहांना ‘फोनेस्थीम’ असे नाव दिले. चमक, चमचम, चकाकी, चकचकीत या आपल्या शब्दांत जो प्रकार आहे तोच हा. लक्षात ठेवायला असे गट मदत करतात, पण अर्थ काढण्यासाठी त्यांवर विसंबू नये. हातमोजा या अर्थाचा ‘ग्लव्ह’ आणि डिंक या अर्थाचा ‘ग्लू’ यांत कसलाही प्रकाश नाही.

कोश आणि वही

मोबाइलवर शब्द टाइप करून अर्थ पाहिला की एकच शब्द दिसतो. छापील कोशात त्याच अक्षरांनी सुरू होणारे शेजारचे शब्दही नजरेखालून जातात, आणि या अभ्यासासाठी तेच हवे असते. म्हणून घरात एक छापील इंग्रजी-मराठी कोश असावा. इंग्रजीतल्या मोठ्या कोशांत शब्दाच्या नोंदीच्या आरंभी किंवा शेवटी त्याची व्युत्पत्ती दिलेली असते. ती दोन ओळींची असली तरी वाचावी, कारण शब्द कुठे कापायचा हे तिथे स्पष्ट कळते. आपण आधी अंदाज करावा, तो पेन्सिलीने लिहावा आणि मगच कोश उघडावा. अंदाज न करता थेट कोश पाहिल्यास शब्द डोक्यात राहत नाही.

वहीचे पान उपसर्गावार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘डी-ई’च्या एका पानावर पन्नास शब्द लिहिले की ते पुन्हा घोकंपट्टीचे पान होते. त्याऐवजी वाचनात जो शब्द भेटला तो ज्या वाक्यात आला त्या वाक्यासह लिहावा. त्याखाली त्याच आरंभाचा एक ओळखीचा शब्द, त्याच शेवटाचा एक ओळखीचा शब्द, आणि नियमात न बसणारा एक शब्द लिहावा. उदाहरणार्थ, 8 नोव्हेंबर 2016 च्या निर्णयानंतर घरोघरी पोहोचलेला ‘डिमॉनेटायझेशन’ हा शब्द घेतला, तर काढून टाकण्याच्या अर्थाचा ‘डी-ई’ असलेला ‘डिफ्रॉस्ट’ हा आरंभाचा सोबती, ‘मॉनेटरी’ हा मागच्या तुकड्याचा सोबती, आणि त्याच अक्षरांनी सुरू होऊनही दातांचा डॉक्टर असा अर्थ असलेला ‘डेंटिस्ट’ हा न बसणारा शब्द. चलनातून पैशाचे कायदेशीर मूल्य काढून घेणे हा अर्थ यातून आपोआप स्पष्ट होतो.

परीक्षेत कोश नसतो. तिथे उपसर्गावरून निघालेला अर्थ वाक्यात ठेवून संपूर्ण वाक्य मनात मराठीत म्हणावे. ‘द जज वॉज डिसइंटरेस्टेड’ या वाक्यात न्यायाधीशांना रस नव्हता असा अर्थ घेतला तर पुढचे वाक्य, ज्यात त्यांच्या निवाड्याची स्तुती असते, जुळत नाही. निःपक्षपाती हा अर्थ घेतला की जुळते. ‘इंटरेस्ट’ म्हणजे हितसंबंधही, आणि तो नसणे म्हणजे निःपक्षपात. कंटाळलेल्या माणसासाठी ‘अनइंटरेस्टेड’ हा वेगळा शब्द आहे.

शेवटी उच्चाराकडे वळावे, कारण उपसर्ग असलेल्या पुष्कळ शब्दांचा अर्थ आघात कुठे पडतो यावर बदलतो. ‘रेकॉर्ड’, ‘ऑब्जेक्ट’, ‘प्रोजेक्ट’, ‘परमिट’, ‘कॉन्ट्रॅक्ट’ आणि ‘एक्स्पोर्ट’ हे शब्द नाम म्हणून वापरताना जोर पहिल्या भागावर, म्हणजे उपसर्गावर येतो. तेच क्रियापद म्हणून वापरताना जोर मागच्या भागावर जातो. ‘ऑब्जेक्ट’ मध्ये आरंभावर जोर दिला तर वस्तू, शेवटावर दिला तर हरकत घेणे. मराठीत असा अर्थभेद करणारा आघात नसल्यामुळे आपण हे शब्द एकाच सुरात म्हणतो आणि ऐकणारा क्षणभर अडखळतो. वहीत प्रत्येक शब्दाच्या ज्या भागावर जोर आहे त्याखाली एक रेघ मारावी, आणि नाम व क्रियापद अशी दोन्ही रूपे एकेका वाक्यात घालून मोठ्याने वाचावीत.